तोडलेला बिल्ला

शनिवारच्या बाजारात झिगुर्ड्स काका दिसले की आम्ही दुकानदार एकमेकांना डोळा मारायचो. "आले मास्तर, वह्या तपासायला!" समोर धुरवलेले मासे विकणारी आयना ओरडायची. एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस वीस वर्षं दर शनिवारी माझ्या लढाईतल्या जुन्या वस्तूंच्या टेबलाशी येतो, जर्मन सैनिकांच्या ओळखबिल्ल्यांवर भिंग धरतो, एकेक आकडा वाचतो आणि काही न घेता जातो. बिल्ल्यावर नाव नसतं. तुकडी असते आणि आकडा. वडिलांचा आकडा काकांना तोंडपाठ. काका आईच्या पोटात असताना, चव्वेचाळीस साली, आमचा देश बळकावून बसलेल्या जर्मनांनी वडिलांना वर्दी चढवून आघाडीवर नेलं. माणूस परत आला नाही, मेल्याची खबरही आली नाही. काकांची आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "मेला कसला! वर्दी फेकली आणि बोटीत बसून स्वीडनला पळाला. दुसरी करून सुखात असेल." शाळेत पोरं काकांना 'स्वीडनवाला' म्हणायची. म्हणून ही शोधाशोध. बाप पळाला की मेला, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या शनिवारी भिंग एका अर्ध्या बिल्ल्यावर थांबलं आणि हललंच नाही.

"वेल्गा, हा खरा आहे ना गं? नकली नाही ना?"

लढाईतल्या वस्तू ओळखण्यात या जिल्ह्यात माझा हात कोणी धरत नाही. शेणात पुरून जुने केलेले पट्टे मी नुसत्या वासावर परत पाठवते. म्हणून चिडले. "माझ्या टेबलावर नकली? काका, सकाळी सकाळी भांडायला आलात का?" मग वर पाहिलं तर ते रडत होते.

"वडिलांचाच आकडा. आणि खालचा अर्धा आहे," ते म्हणाले. "एकच भोक, वरच्याला दोन असतात. बघ ना!"

बघायची गरज नव्हती. बिल्ला मधोमध चिरलेला असतो, दोन्ही अर्ध्यांवर तोच आकडा. सैनिक मेला की सोबत्याने खालचा अर्धा तोडायचा आणि मेल्याची खबर कळवायची. वरचा अर्धा प्रेताच्या गळ्यात राहायचा. अख्खा बिल्ला मातीतून निघाला तर समजावं, मरताना कोणी पाहिलं नाही, कोणी कळवलं नाही.

"म्हणजे कोणीतरी जवळ होतं गं! पुरलं असेल, टोपी काढली असेल. कागद पुढे जळाला असेल कुठेतरी, पण माणूस होतं!" ते धावतच आयनाकडे सांगायला गेले. एरवी शेपटीचा तुकडाही फुकट न देणाऱ्या त्या बाईने त्यांच्या हातात अख्खा मासा ठेवला.

मी टेबलावरची पट्ट्यांची बकलं सरळ केली, पुन्हा वाकडी केली. थर्मास उघडला, न पिताच बंद केला. तो बिल्ला मी तोडला होता. मार्चमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात, पकडीने.

रानात चोरून खणणाऱ्या गातिसने तो अख्खा आणला होता. अख्खा बिल्ला मांडला की लोक विचारतात, हाडं कुठायत? खालचा अर्धा मांडला की कोणी विचारत नाही. या धंद्यात बरेच जण तोडतात. "जळक्या गिरणीमागे, खंदकाच्या वळणावर मिळाला," गातिस म्हणाला होता. "हाडांवर परत माती लोटली. पोलिसांच्या भानगडीत कोण पडतो?" मी तेव्हा ओव्याचं चीज कापत होते आणि कापतच राहिले. हे सांगताना आज लाज वाटते.

गप्प बसावं का? काका खूश होते. बोलले तर त्यांचा तो सोबती जाणार, आणि माझं नावही. नाही बोलले तर ती हाडं गिरणीमागेच पडून राहणार. मी दोनदा उठले, दोनदा बसले.

"काका, इकडे या."

सगळं सांगितलं. पकड, गातिस, गिरणी. वरचा अर्धा घरी डब्यात आहे, तेही सांगितलं. आयनाची सुरी थांबली.

"म्हणजे जवळ कोणी नव्हतं?"

"नव्हतं. गळ्याच्या हाडांत अख्खा होता."

"पळाले नव्हते?"

"नाही काका. तुमच्या घरापासून सायकलने तासाभरावर होते."

त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"बिल्ला तोडणाऱ्याचं काम काय असतं, वेल्गा? तू तर सगळ्यांना शिकवतेस."

"खबर देणं."

"मग दे."

"पोलिसांना आत्ता फोन करते, काका. हाडं..."

"त्यांना नंतर. आधी घरच्यांना कळवतात."

त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि ताठ उभे राहिले. मीही उभी राहिले. अख्खा बाजार बघत होता.

"तुमचे वडील झानिस व्हीतोल्स," मी म्हणाले, "आघाडीवर मरण पावले. जळक्या गिरणीमागे, खंदकाच्या वळणावर."

"जरा मोठ्याने," काका म्हणाले. "आईला शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं."