जिन्यातला नमस्कार

आखातातल्या वादी अदाईत, आपली कुटुंबं राहायची त्या बिल्डिंगमध्ये नोई राहायला येऊन वर्ष झालं होतं. जिन्यात भेटेल त्या बाईला ती हनुवटीपाशी हात जोडायची आणि मान लववून म्हणायची, "सवात्दी खा." थायलंडच्या बायकांचा तो रोजचा नमस्कार. आणि आपल्या बायका? त्या लगेच पर्समध्ये किल्ली शोधायला लागायच्या. नोई जवळच्या रुवी भागात मसाजचं काम करायची ना! मसाज म्हटलं की पुढचं सगळं न सांगताच कळतं म्हणे.

काल तर सुलभावहिनींनी फर्मानच काढलं. "कोणी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. कंटाळून जाईल खोली सोडून."

त्याच बिल्डिंगमधल्या कलावतीनेही मान डोलावली. काय करणार? ती दिवसभर शिवणाच्या दुकानात, नवरा रमण गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये. शाळेतून आलेली लेक ज्ञानदा संध्याकाळपर्यंत सुलभावहिनींकडेच असायची. पण घरी आल्यावर कलावतीला स्वतःचीच लाज वाटली. ती पोर रोज वाकते आणि आपण साधं उत्तर देत नाही, ही कुठली रीत?

"उद्या मी तिला नमस्कार करणार," तिने रमणला सांगितलं.

"आणि ज्ञानदाला कोण बघणार? खलास कर ना विषय."

"करणार म्हणजे करणार."

सकाळी सगळ्याजणी मुलांना घेऊन जिन्याच्या तोंडाशी स्कूलबसची वाट बघत होत्या. नोई उतरताना दिसली, तशी कलावतीने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "सवात्दी खा!"

नोई दचकलीच. "नो दीदी, नो! यू बिग, आय स्मॉल. आय फर्स्ट!" असं म्हणत ती चक्क परत जिना चढू लागली. धाकटीने आधी वाकायचं, मोठीने उत्तर द्यायचं, ही तिच्याकडची पद्धत. ती मोडलेली तिला चालणार नव्हती.

तेवढ्यात सुलभावहिनी शांतपणे म्हणाल्या, "कलावती, आजपासून ज्ञानदाची सोय दुसरीकडे बघ."

कलावतीचे जोडलेले हात खाली आले. ज्ञानदा तिची ओढणी धरून उभी होती.

नोई पुन्हा उतरून समोर आली. मान लववून म्हणाली, "सवात्दी खा," आणि उत्तरासाठी थांबली.

"बघते, वहिनी," कलावती म्हणाली. मग तिने ओढणी सोडवून घेतली, हात जोडले आणि वर्षभर राहिलेलं उत्तर दिलं.

"सवात्दी खा."