अनसूयाबाईंचा कॅमेरा आणि सुपारीचा नवरदेव

अनसूयाबाईंना कॅमेऱ्याची गरज पटली ती एका स्तुतीमुळे.

औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घरी एक बाई मुलीच्या लग्नाचं रुखवत ठरवायला आल्या होत्या. अनसूयाबाईंनी रीतीप्रमाणे सगळं पुढं मांडलं. हलव्याचे दागिने, बोटाच्या पेराएवढ्या करंज्या, खोबऱ्याच्या वाटीवर कोरलेला मोर. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे सुपारीची वरात. सुपारीचा नवरदेव, सुपारीची नवरी, सुपारीचे बँडवाले आणि अगदी मागं, तोंड फिरवून बसलेले रुसके मामा. ते मामा बघून आजवर हसलं नाही असं माणूस नव्हतं.

त्या बाईही हसल्या. आणि म्हणाल्या, "अय्या, अगदी मोनिकाताईंसारखं करता हो तुम्ही!"

अनसूयाबाईंनी पाहुणीला चहा दिला, पण साखर घालायला विसरल्या.

मोनिका म्हणजे छावणीतली, लग्नांचे कार्यक्रम आखून देणारी पोरगी. बोलणं गोड, ओढणी ऐटीत, आणि हातात कायम मोबाइल. कुठल्याही कार्यालयात रुखवत मांडलं की ही पाहुण्यांच्या आधी तिथं हजर. चार फोटो काढायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "आमचं काम" म्हणून दाखवायचे. खोटं ती फारसं बोलतच नसे. बोट वर सरकवत राही आणि बाकीचं समोरच्याला समजून घेऊ देई.

घरातले चार नमुने सोडले तर अनसूयाबाईंकडे झालेल्या कामाचं दाखवायला काहीच नव्हतं. रुखवत लग्नानंतर मुलीबरोबर सासरी जातं. सुपाऱ्या कुणाच्या तरी शोकेसमध्ये आणि फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये. "काकू, पाठवतो हं!" असं म्हणणारे भाचे, मेहुणे, कार्यालयाचे मॅनेजर त्यांनी इतके पाहिले होते, की त्या शब्दाला आता त्या नमस्काराइतकीच किंमत देत. ऐकायचा आणि विसरायचा.

"मोबाइल आहे की घरात," मुकुंदराव म्हणाले. मुकुंदराव म्हणजे त्यांचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मत देण्याच्या कामावर मात्र अजून रुजू.

मोबाइल होता, पण त्याचं आणि अनसूयाबाईंच्या हातांचं जमत नव्हतं. काम चालू असताना त्यांची बोटं कधी पाकात, कधी डिंकात, कधी कणकेत. तशा बोटानं स्क्रीनला हात लावला तर तो एकतर ऐकायचा नाही, नाहीतर भलतंच ऐकायचा. एकदा भर दुपारी त्यानं परस्पर विहिणीला फोन लावला होता. शेवटी मुकुंदरावच मदतीला धावले. हलव्याच्या परातीवर वाकून, एक डोळा मिटून ते फोटो काढायला गेले आणि फोन सरळ पाकात पडला. काढला, पुसला, तांदळात ठेवला. चालू झाला नाही, पण त्याला हलव्यासारखा काटा फुटला.

त्या दिवसापासून मुकुंदरावांनी मोबाइलचा विषय सोडला आणि कॅमेऱ्याचा धरला. मुलाचा जुना लॅपटॉप उघडून ते रोज अभ्यासाला बसू लागले.

"अगं, हा बघ. साठपट झूम! चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"मला चंद्र कशाला दाखवता? मामांच्या कपाळावरची आठी दिसली पाहिजे."

"मेगापिक्सेल किती पाहिजेत तुला?"

"मला बटणं पाहिजेत. कणकेच्या बोटानं दाबता येतील अशी. गळ्यात अडकवता आला पाहिजे, म्हणजे पाकात पडणार नाही. आणि स्वस्त पाहिजे. महागडी वस्तू आपण कपाटात ठेवतो, आणि मला तो रोज ओट्यावर पाहिजे."

मुकुंदरावांना ही सगळी मागणी अशास्त्रीय वाटली. पण बरोबर गेले. नवऱ्याला बरोबर नेलं की दुकानदार त्याच्याशी बोलतो आणि बायकोला वस्तू शांतपणे बघता येते, हे अनसूयाबाईंना ठाऊक होतं.

दुकान जवळच्याच गल्लीत होतं. मालक सुदर्शन नव्याजुन्या कॅमेऱ्यांचा धंदा करी. छोटे कॅमेरे कंपन्यांनी बनवायचे कमी केले, तशी कॉलेजच्या पोरांनी जुन्यांचीच हौस धरली होती, त्यामुळं त्याचं बरं चाललं होतं.

"काका, ये देखो, एकदम मक्खन पीस!" त्यानं पहिल्या फटक्यात मोठा, काळा, लांब नाकाचा कॅमेरा काढला. मुकुंदरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. चेहऱ्यावर साहेबी आली.

अनसूयाबाईंनी पिशवीतून दोन डब्या काढल्या. एकीत सुपारीचा नवरदेव होता, दुसरीत मळलेली कणीक.

"काकू, हे काय?" सुदर्शन दचकला.

"परीक्षा," अनसूयाबाई म्हणाल्या. नवरदेव काउंटरवर उभा केला आणि बोटं कणकेत बुचकळली.

"अरे बाप रे! काकू, वस्तू आहे ती!"

"मग काय पूजेला पाहिजे मला? पुसून देईन. तू काढ एकेक."

मोठ्या कॅमेऱ्याला समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता आली, पण वीतभरावरचा नवरदेव त्याला दिसेना. नाक पुढंमागं करत नुसता घरघरत राहिला. दुसरा दिसायला देखणा, पण त्याला बटणंच नव्हती. सगळा कारभार काचेवर, म्हणजे पुन्हा विहिणीला फोन. तिसरा सुदर्शननं जरा नाखुशीनंच काढला. मुठीत मावेल असा, चंदेरी, कोपऱ्यावर खरचटलेला, मनगटात अडकवायची दोरी लोंबणारा. बटणं चांगली फुगीर. एका बटणावर बारीक फूल काढलेलं होतं.

"ते फूल कशाचं?"

"जवळचं काढायला, काकू. चार बोटांवरून."

अनसूयाबाईंनी कणकेच्या अंगठ्यानं फूल दाबलं, कॅमेरा चार बोटांवर नेला आणि बटण दाबलं. मागच्या पडद्यावर नवरदेव उमटला. डोळे, मुंडावळ्या, मिशा, सगळं जिथल्या तिथं. मिशीवरचा डिंकसुद्धा चकाकत होता.

"हा दे. आणि मनगटाची नको, गळ्याची दोरी लाव."

सुदर्शननं साडेतीन हजार सांगितले. अनसूयाबाई खरचटलेल्या कोपऱ्याकडं इतक्या दुःखानं बघत राहिल्या की तो आपणहून अठ्ठावीसशेवर आला. आता आपलंही काही चालावं म्हणून मुकुंदराव खोक्यात डोकावले. "ही पिवळ्या टोकाची वायर टीव्हीला लावायची ना? ती पण द्या." ती कधी लागेल असं दिसत नव्हतं, पण त्यांनी ती खिशात घातली तेव्हाच कुठं त्यांची खरेदी पूर्ण झाली.

दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा अनसूयाबाईंच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी लोंबू लागला. सुपाऱ्या निवडल्या की फोटो. डोळे लावले की फोटो. धोतर नेसवलं की फोटो. बटणांवर कणकेचा थर बसला की ओल्या फडक्यानं पुसायचा.

"अगं, अर्धवट कामाचे फोटो कोण काढतं?" मुकुंदराव म्हणत.

"ज्याचं काम असतं तो," अनसूयाबाई म्हणत, आणि पुढची सुपारी उचलत.

त्या हंगामातली पहिली वरात छावणीतल्या एका लग्नात मांडली गेली. मोनिका तिथंही आली होती. मोबाइल घेऊन वरातीभोवती दोन प्रदक्षिणा घालून गेली.

आणि मग करमाडहून द्वारकाबाईंचा निरोप आला. मोठं घर, बागाईत, एकुलती लेक तनुजा. जालना रोडला असतील नसतील तेवढे सोयरे या लग्नाला येणार. हे काम मिळालं तर पुढच्या हंगामाची काळजी नव्हती. आणि मोनिकाला मिळालं तर तो सगळा गोतावळा ती वरात मोनिकाची म्हणूनच ओळखणार. मग अनसूयाबाईंनी आयुष्यभर स्वतःच्याच कामाची नक्कल करणारी बाई म्हणून फिरायचं.

द्वारकाबाईंनी दोघींनाही एकाच वेळी बोलावलं होतं. समोरासमोर बसवल्यावर माणसं खरी किती ते कळतं, असा त्यांचा हिशोब.

मोनिकानं मोबाइल पुढं केला. बोट सरकू लागलं आणि सातव्या-आठव्या फोटोला सुपारीची वरात आली.

"हे लई भारी हाय!" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्हीच केलं व्हय?"

"आमच्याच सेटअपचं आहे, मावशी," मोनिका गोड हसली.

अनसूयाबाईंच्या शेजारी मुकुंदराव ताडकन उठायला लागले. अनसूयाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. "वायर आणलीय का?"

आणली होती. ते ती बाजारालाही खिशात घेऊन जात.

तनुजानं टीव्हीच्या मागं वायर खोचली. पडद्यावर वरात उभी राहिली, तीच, भिंतभर. अनसूयाबाईंनी मागं जायचं बटण दाबलं. बँडवाल्यांचे फेटे उतरले. पुन्हा दाबलं. मामांचा रुसवा गेला, कारण तोंडच गेलं. नवरीची पैठणी सुटून तिची चिंधी झाली, नवरदेवाचं धोतर गेलं आणि सगळी वरात उघडीनागडी होत शेवटी परातीत नुसत्या सुपाऱ्या राहिल्या. त्या निवडणारा हातही दिसत होता. हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर जुना चटका.

द्वारकाबाईंनी अनसूयाबाईंच्या अंगठ्याकडं पाहिलं. चटका तिथंच होता. मग त्या मोनिकाकडं वळल्या.

"पोरी, नवरदेवाची मिशी कशानं काढली गं?"

"ती... स्केचपेननं, मावशी."

अनसूयाबाई बटण दाबत चार फोटो पुढं गेल्या. फुलाचं बटण दाबून काढलेला तो फोटो होता. टीव्हीवर नवरदेवाचं तोंड टोपलीएवढं दिसलं, आणि नाकाखाली दोन कारळे, टोकाला टोक लावून चिकटवलेले.

"कारळं!" तनुजा किंचाळली. "आई, चटणीचे कारळं हायेत ते!"

द्वारकाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "स्केचपेन म्हणं! बाई, काम तुमचंच. आमच्या नवरदेवाला दाढी हाय बरं का. ती कशाची लावसाल?"

"खसखस काळी करून लावते," अनसूयाबाई म्हणाल्या. "वाढवायची असली तर आत्ताच सांगा."

मुकुंदरावांनी वायरीची व्यवस्थित गुंडाळी केली आणि ज्यांना बघायचं असेल त्यांना ती दिसावी अशी हातात धरली. "म्हटलं होतं ना मी, लागेल म्हणून," ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. अनसूयाबाईंनी आज ते खपवून घेतलं. आज त्यांच्याकडं श्रेय पुष्कळ शिल्लक होतं.

निघताना अनसूयाबाईंनी नमुना म्हणून आणलेले रुसके मामा टेबलावरच होते. मोनिकाचा हात सवयीनं मोबाइलकडं गेला, पण द्वारकाबाई समोर होत्या, म्हणून ती अडखळली. मग गोड आवाजात म्हणाली, "काकू, ह्या मामांचा एखादा फोटो मिळेल का? सहज, आठवण म्हणून."

"मिळेल की!" अनसूयाबाईंनी गळ्यातला कॅमेरा उचलला, फूल दाबलं आणि चार बोटांवरून मामांचा सुरेख फोटो काढला. मग मामांना डबीत घातलं, डबी पिशवीत घातली आणि चप्पल पायात सरकवत वळून म्हणाल्या,

"पाठवते हं."