मालेगाव नसलेला नाशिक जिल्हा

मी नाशिक जिल्हा बोलतोय. दचकू नका, खरा नव्हे. खऱ्याला बोलायला सवड कुठली? त्याच्या मागे कलेक्टर, कचेऱ्या आणि कज्जे. मी सिन्नरच्या अलीकडच्या भोकरवाडीतला, शाळेच्या अंगणात पसरलेला. लांबी सतरा हात, रुंदी तेरा. अंगात तांबडी माती, शेण आणि गव्हाचा भुसा. तरी जिल्हा तो जिल्हाच, आणि माझ्याशी बोलताना लोकांनी थोडा मान ठेवावा असं मला वाटतं. कोंबड्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म एका शेऱ्यामुळे झाला. साल एकोणीसशे छत्तीस. भोकरवाडीची शाळा म्हणजे चावडीशेजारची एक खोली, चार इयत्ता, अठरा मुलं आणि एकटे झिपरू मास्तर. मास्तर ट्रेनिंग करून आलेले होते आणि तिथून त्यांनी एक वेड बरोबर आणलं होतं. हाताला लागल्याशिवाय काही डोक्यात राहत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून पहिलीच्या बेरजा चिंचोक्यांवर, दुसरीची मापं गाडग्यामडक्यांनी, आणि शनिवारी सगळ्यांनी मिळून मातीची फळं आणि भाज्या करायच्या.

अशाच एका शनिवारी शाळा तपासणारे डिपोटी साहेब न कळवता आले. अठरा मुलं कोपरापर्यंत चिखलात, आणि सगळ्यांत जास्त चिखल मास्तरांच्या अंगावर. गडबडीत मास्तरांनी साहेबांना खुर्ची दिली. तिच्यावर केरूनं केलेलं वांगं वाळत ठेवलेलं होतं. साहेब बसले. वांगं अजून ओलं होतं.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं ते असं: "मुले चिखल उत्तम कालवतात. तिसरीस जिल्ह्याचा भूगोल अजिबात येत नाही. एप्रिलात पुन्हा तपासणी होईल. तेव्हाही हेच आढळल्यास ही शाळा बंद करून मुले नदीपलीकडच्या शाळेत पाठवावीत."

मुलगे गेलेही असते नदीपलीकडे. पण शाळेत पाच मुली होत्या, आणि त्यांत तिसरीतली सकीना, रहेमान पिंजाऱ्याची. सगळ्या शाळेत तिच्यासारखं वाचणारं कुणी नव्हतं. रहेमान कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून गावोगाव फिरणारा, स्वभावानं चांगला, पण हट्टाला पक्का. गावात शाळा आहे तोवर पोरगी शिकेल, नदी ओलांडायची नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. त्यामुळे शेऱ्याचा अर्थ मास्तरांच्या आधी सकीनाला कळला.

मास्तरांनी मात्र हार मानली नाही. शाळेत जिल्ह्याचा एक कागदी नकाशा होता, पण त्याचा वरचा उजवा कोपरा वाळवीनं खाल्लेला. मास्तर म्हणाले, कागदाचा नकोच, आपण मातीचा जिल्हा करू, त्यावरून चालू, नद्यांतून पाणी सोडू. चिखलाबद्दल शेरा बसला म्हणून हा माणूस आणखी चिखल करायला निघाला. मला तेव्हाच त्याच्याबद्दल आदर वाटायला हवा होता, पण मी अजून जन्मलो नव्हतो.

मास्तरांची अट एकच. जिल्ह्यातली पूर्व खऱ्या पूर्वेला आली पाहिजे. भोकरवाडीवर उभं राहून सिन्नरकडे बोट केलं, तर ते खऱ्या सिन्नरकडेच गेलं पाहिजे. त्याप्रमाणे त्र्यंबकचे डोंगर पश्चिमेच्या कुंपणाजवळ आले, नाशिक त्याच्या अलीकडे, लासलगावला एक कांदा ठेवला, रेल्वेला ज्वारीची धाटं लावली. मग केरूनं ब्रह्मगिरीवरून तांब्याभर पाणी सोडलं. गोदावरी झोकात निघाली, नाशकापर्यंत आली, तिथे घुटमळली आणि सरळ मागे फिरून त्र्यंबकला परत गेली.

अंगणाचा उतारच पश्चिमेला होता. कुंपणापाशी उभी असलेली धोंडाबाई म्हणाली, "मास्तर, तुमची नदी माहेराला चालली." चार दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं.

पुंजा पाटलानं सुचवलं की त्र्यंबक पूर्वेला आणि येवला पश्चिमेला ठेवावं, कोणाला कळतंय. मास्तर ऐकेनात. मग एकच उपाय उरला, सगळी पश्चिम बाजू हातभर उचलायची. त्याला माती पाहिजे, ती दीडशे टोपल्या. अठरा मुलांच्या अठ्ठेचाळीस टोपल्या झाल्यावर मुलांचे हात थकले, आणि मास्तरांनी गावाला विनंती केली. गाव म्हणालं, देऊ माती, पण जिल्ह्यात आमचं काय?

यातून जे झालं ते दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या बाबतीत झालेलं नसावं. टोपलीमागे एक गाव, असं ठरलं. धोंडाबाईनं दोन टोपल्या आणल्या आणि आपलं माहेर ठेवलं. ते पाहून तिची जाऊ बयाबाई तीन टोपल्या घेऊन आली आणि तिचं माहेर धोंडाबाईच्या माहेरापेक्षा उंच झालं. कुणी लेक दिलेलं गाव ठेवलं, कुणी बैल घेतलेलं. पुंजा पाटलानं गाडीभर माती ओतली, त्यामुळे भोकरवाडी नारळाएवढी झाली आणि तिच्याशेजारी नाशिक सुपारीएवढं. मास्तर कपाळाला हात लावत होते, पण माती येत होती आणि गोदावरी पुढे सरकत होती. माझ्या अंगावर अशी कितीतरी गावं बसली की त्यांची नावं खऱ्या जिल्ह्यालाही ठाऊक नसतील.

तालुक्यांची गावं मात्र मास्तरांनी मुलांना वाटून दिली होती. मालेगाव सकीनाकडे आलं, कारण तिथे साऱ्या भोकरवाडीत फक्त तिचंच नात्याचं माणूस होतं. तिनं ओढ्यातून एक पांढरा गुळगुळीत खडा शोधून आणला. तो ठेवायला ती वाकली, तेवढ्यात खांद्यावर कमान घेऊन रहेमान तिथून चालला होता. त्यानं विचारलं, हे कोणतं गाव. तिनं सांगितलं. रहेमान म्हणाला, "ते गाव नाय ठिवायचं."

गोष्ट अशी की मालेगावात त्याचा थोरला भाऊ सलाउद्दीन राहत होता. बाप गेला तेव्हा वाटणीत बापाची कमान सलाउद्दीननं घेतली, आणि कमानीच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, मारायचा लाकडी ठोकळा रहेमाननं. कमानीशिवाय ठोकळा म्हणजे नुसतं लाकूड, आणि ठोकळ्याशिवाय कमान भिंतीवर टांगायची. दोघांनाही दुसरी वस्तू नवी करून घ्यावी लागली, पण दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही. याला अकरा वर्षं झाली होती. त्या घरात मालेगावचं नाव कुणी काढत नसे.

सकीनानं खडा ओढणीच्या टोकाला बांधला. मास्तरांनी दोनदा विचारलं, मालेगाव राहिलं का गं, आणि दोन्ही वेळा ती ठेवते म्हणाली. पुढे एकशे चाळिसाव्या टोपलीच्या धांदलीत मास्तर विसरून गेले. ती बिचारी मनात म्हणत असणार, एवढ्या गावांत एक नसलं तर कोण बघतंय. बाप आणि शाळा, दोन्ही तिला सांभाळायची होती. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

एप्रिलात साहेब आले. अख्खं गाव कुंपणाला टेकून उभं. जिल्ह्यात यायचं तर बूट काढावे लागतील, असं मास्तरांनी भीत भीत सांगितलं. साहेबांनी काढले, आणि एक पाय पेठात, दुसरा सुरगाण्यात ठेवून उभे राहिले. केरूनं पाणी सोडलं. गोदावरी त्र्यंबकहून निघाली, नाशिक आलं, निफाड आलं, नांदूरमध्यमेश्वर आलं, आणि ती निमूटपणे नगर जिल्ह्यात निघून गेली. बयाबाईनं हात जोडले. साहेब फक्त "हं" म्हणाले, पण त्यांच्या मिशा जरा सैल झाल्या.

मग प्रश्न सुरू झाले. इगतपुरी? मुलं धावली. येवला? धावली. पूर्व कुठली? अठरा हात एका बाजूला. कुणी चुकेना. मास्तरांचा चेहरा उजळत चालला होता, आणि मी तर फुगलोच होतो.

"आणि मालेगाव?" साहेबांनी विचारलं.

कुणी हललं नाही. साहेबांनी वरचा उजवा कोपरा पाहिला. तिथे बयाबाईच्या मावशीचं गाव होतं, पुंजा पाटलाच्या बैलाचं गाव होतं, मालेगाव नव्हतं. साहेबांबरोबर आलेल्या पट्टेवाल्यानं हळूच शेजारच्याला सांगितलं की साहेबांचं घर मालेगावचंच. ते कुंपणाभर पसरायला वेळ लागला नाही, आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मास्तरांना त्या क्षणी आठवलं, कुणाकडे दिलं होतं. त्यांनी सकीनाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते माझ्याकडून राहिलं, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी शेरेबुक मागितलं आणि पेनाचं टोपण काढलं. मला त्या वेळी फार भीती वाटली. मी मातीचा, मला काय, पुन्हा माती होईन. पण त्या पाच मुली दुसऱ्या दिवसापासून चुलीपाशी बसणार होत्या.

"मास्तरांकडून नाय ऱ्हायलं," सकीना म्हणाली. "मालेगाव माझ्याकडं होतं. खडा हाय माझ्यापाशी. पर तिथं माझे चुलते ऱ्हातात, आन त्या गावाचं नाव आमच्या घरात काढत नाय."

कुंपणाला कुणीतरी हसलं. मग सगळं गाव रहेमानकडे बघायला लागलं. साहेबही बघायला लागले. रहेमाननं खांद्यावरची कमान कुंपणाला टेकवली. तो काही बोलेल, पोरीला रागावेल, निघून जाईल, असं मला वाटलं. तो जिल्ह्यात आला.

भोकरवाडीपासून तो निघाला तो नाशकावर, तिथून आग्रा रोडनं. एकेक पाऊल बघून टाकत होता, कुणाचं माहेर मोडू नये म्हणून. सकीनानं ओढणीची गाठ सोडली आणि खडा ठेवायला वाकली.

"हितं नाय," तो म्हणाला. "चांदवडाचा घाट उतरला की उमराणं, आन मंग मालेगाव." त्यानं खडा तिच्या हातून घेतला, उकिडवा बसला आणि अंगठ्यानं माझ्या अंगात दाबला. त्याचा अंगठा मला बराच वेळ जाणवत होता. मग त्यानं बोटानं एक रेघ ओढली, मोसम नदीची, ती खड्याशेजारून गिरणेला मिळवली, आणि तरी उठला नाही. डोळे पुसायला त्याला चिखलाचा हात चालेना, म्हणून त्यानं बाही वापरली.

साहेब वाकून बघत राहिले. "अगदी बरोबर जागा आहे," ते म्हणाले, आणि मग लिहिलं. मास्तरांनी तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. "तिसरीस जिल्ह्याचा भूगोल चांगला येतो. शाळा चालू ठेवावी. भोकरवाडी नाशिकपेक्षा मोठी दाखवली आहे, ती लहान करावी." यातलं शेवटचं वाक्य पुंजा पाटलाला मान्य झालं नाही, आणि ते आजतागायत अमलात आलेलं नाही.

आठ दिवसांनी रहेमान घरात काही न सांगता गेला. तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर पिकल्या दाढीचा सलाउद्दीन होता. घरी जायच्या आधी दोघं माझ्याकडे आले. सलाउद्दीन आपल्या गावावर उभा राहिला, त्यानं खाली पाहिलं, मग बयाबाईच्या माहेराकडे पाहिलं.

"येवढंच का मालेगाव?" तो म्हणाला. "ह्या खेड्यापरीस बारीक?"

"तू अकरा वर्सं आला नाय," रहेमान म्हणाला, "म्हनून बारीक ऱ्हायलं."

यावर ते दोघं अर्धा तास भांडले. चावडीवरची माणसं उठून आली. सकीना दारात उभी राहून ऐकत होती, आणि इतकं खूश होऊन भांडण ऐकणारी पोर मी पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सलाउद्दीन ओढ्यातून टोपलीभर माती घेऊन आला. त्यानंतर दर महिन्यादीड महिन्यानं येतो, आणि येताना टोपली असतेच.

आता माझं वय झालं. त्र्यंबक खचलंय, रेल्वेची धाटं शेळीनं खाल्ली, लासलगावच्या कांद्याला कोंब येऊन गेले. सकीना चौथीत गेली. चौथीला सगळा मुंबई इलाखा असतो, तो अंगणात मावत नाही, म्हणून मास्तरांची नजर पुंजा पाटलाच्या खळ्यावर आहे. पाटील सध्या त्यांना टाळतो. दिवाळीनंतर नवी तिसरी मला फोडून, भिजवून, नव्यानं मळेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. अठरा पोरांच्या पायांखाली गेलेलं आयुष्य मला पुरेसं आहे.

फक्त एक मागणं आहे. तुमच्या गावच्या शाळेत कुणी असा जिल्हा करायला घेतला, तर टोपलीभर माती द्या, आणि आपलं माहेर हवं तेवढं उंच करा. पण ज्या गावाचं नाव तुमच्या घरात निघत नाही, त्याचा खडा सगळ्यांच्या आधी ठेवा.