माझी खोबण घासू नका

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे आणि जुना असल्याची मला लाज वाटत नाही. मित्रांनो, भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या एका गोदामात मी सात वर्षे मालाची चलने छापली. "हा दमत नाय," असे तिथले हमाल म्हणत. मग नवे संगणक आले आणि मी पोत्यांमागे धूळ खात पडलो. तिथून मला भिवंडीच्या अदीबाने घरी आणले. तिचे अब्बा हारूनभाई यंत्रमागांचे फिटर. अदीबा माझ्यावर साडीच्या काठांची नक्षी काढू लागली.

नक्षी मोठी होत गेली, तसा मी अडकू लागलो. माझी मेमरी, म्हणजे हातातले काम पसरायची जागा, फक्त दोन जीबी होती. आणि मोरांच्या काठाचा नमुना संध्याकाळी कारखान्यात दाखवायचा होता. तो पसंत पडला तरच अदीबाला तिचे पहिले काम मिळणार होते.

हारूनभाईंनी कुठूनशी मेमरीची नवी पट्टी आणली. माझी जुनी पट्टी काढून ती बसवू लागले, पण बसेना. पट्टीची खाच एकीकडे, माझ्या खोबणीतला उंचवटा दुसरीकडे.

"कानस मारू जरा," ते म्हणाले. "लूमचा पार्ट आपण असाच बसवतो."

मागांना ते चालत असेल. मला नाही. कानस उंचवट्यावर घासली, तरी मी तसूभर हटलो नाही. तो उंचवटा चुकून राहिलेला नाही, मित्रांनो. नको त्या पट्टीला दारातच अडवायला तो ठेवलेला असतो.

अदीबाने त्यांचे मनगट धरले. "अब्बा, हा लूम नाय. ही पट्टी डीडीआर चार प्रकारची हाय. याला डीडीआर तीनच लागते."

"लय हट्टी हाय तुझा डबा."

"तुमच्याच घरात राहतो ना."

तिने जुनी पट्टी परत बसवून माझ्या सेटिंगचा पडदा उघडला. तिथे तारीख, वेळ आणि दोनचार गोष्टी बदलता येतात. मेमरीचा वेग बदलायची सोय नाही. "मग महागडी वेगवान पट्टी घेऊन फायदा नाय," ती म्हणाली. जुन्या पट्टीवरचा प्रकार आणि वेग तिने कागदावर उतरवला. जास्तीत जास्त आठ जीबी चालतात, हे मला बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीत शोधले. मग डेस्कटॉपच्याच, एकसारख्या, चार-चार जीबीच्या दोन साध्या पट्ट्या बाजारातून आणल्या.

माझी विजेची वायर आणि जुनी पट्टी काढून तिने त्या माझ्या दोन खोबणींत बसवल्या. दोन्ही अलगद आत गेल्या. पडद्यावर आठ जीबी उमटले आणि सगळा काठ एका दमात उघडला.

"मोराची मान आखूड झाली," हारूनभाई वाकून म्हणाले. अदीबाने ती तिथल्या तिथे लांबवली. मी एकदाही अडकलो नाही. संध्याकाळी कारखान्यात तोच मोर पसंत पडला.

मला जुना म्हणा, डबा म्हणा, मी ऐकून घेईन. पण मित्रांनो, मला काय चालते ते माझ्या अंगावर लिहिलेले असते. ते वाचायच्या आधी माझ्यावर हत्यार उचलाल, तर मी असाच अडून बसेन.