मधला थर

त्रिवेणीच्या पीएच.डी.चं तिसरं वर्ष सुटलेले जोड मोजण्यातच चाललं होतं.

कॅल्शियम आणि कोबाल्ट यांचं ऑक्साइड ती स्वतः बनवायची. काळी भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजली की खोडरबरापेक्षाही लहान, कडक ठोकळा तयार व्हायचा. त्याचं एक टोक तापवलं आणि दुसरं गार ठेवलं की त्यात वीज निर्माण होते. चाक नको, वाफ नको. धुराड्यांतून वाया जाणारी उष्णता अशी कामी आणायची, हा तिचा विषय. इतर पदार्थ त्या आचेत हवा लागून खराब होतात. ऑक्साइडमध्ये जळायचं काही उरलेलंच नसतं.

अडत होतं ते टोकाशी. वीज बाहेर काढायला तिथे चांदीची पट्टी चांदीच्याच पेस्टनं चिकटवावी लागे. तापताना सगळं ठीक. गार होताना चांदी जास्त आकसायची, ठोकळा कमी, आणि पट्टी उखडून यायची. गाईड सुनंदा मॅडम रागवत नसत. "पुन्हा करून बघू," एवढंच म्हणत, आणि तेच त्रिवेणीला जड जाई.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांच्या दाढेची कॅप निघाली. कोठी भागातल्या डॉक्टरांनी दाताचा रंग जुळवून घ्यायला दोघांना मागच्या गल्लीतल्या डेंटल लॅबमध्ये पाठवलं. लॅब म्हणजे एक खोली, एक टेबल आणि पाणी तापवायच्या किटलीएवढी भट्टी. प्रतापराव नावाचे सत्तरीच्या जवळ आलेले गृहस्थ तिथे एकटेच काम करत होते. भट्टीचं काम झालं होतं, तरी त्यांनी दार बोटभरच उघडलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"काका, काढत का नाही?" त्रिवेणीनं विचारलं.

"नक्को पोरी, घाई नक्को. आत धातू, वर पोर्सेलीन. एकदम हवा लागली की टिचतं."

"पण दोन्ही वेगवेगळे आकसतात ना? मग एकमेकांना धरतात कसे?"

प्रतापरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कॅप घ्यायला आलेलं माणूस असा प्रश्न विचारत नाही. "पोर्सेलीन नुसत्या धातूला धरत नाही. धातू अगोदर तापवायचा. दुधावर साय यावी तशी त्यावर ऑक्साइडची झिल्ली येते, पोर्सेलीन धरतं ते तिला. मग पहिला थर अगदी पातळ. भाजायचा. त्यावर दुसरा."

'ऑक्साइड' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून त्रिवेणी खुर्ची ओढून बसलीच. वडील तासभर गालाला हात लावून ताटकळले.

दुसऱ्या दिवशी ती उखडलेले ठोकळे डबीत घालून घेऊन गेली. प्रतापरावांनी भिंगातून एकेक पाहिला.

"चांदीची पेस्ट जाड लावतेस. आणि टोक काचेसारखं गुळगुळीत केलंयस, ते धरेल कशाला? मधे दोघांचं काहीतरी पाहिजे."

"दोघांचं म्हणजे?"

"ते मला काय ठाऊक? तुझा माल तुला ठाऊक."

परतताना बसमध्ये तिला सुचलं: चांदीच्या पेस्टमध्ये ठोकळ्याचीच काळी भुकटी मिसळायची. तसं कुणी केलंय का, हे तिनं शोधलं. आधीच केलेलं होतं. पण थर किती पातळ आणि कसा द्यायचा, हे कागदावरून हातात येत नव्हतं. ते प्रतापरावांनी शिकवलं. महिनाभर दुपारी ती कोठीला जायची. ते ब्रशचे दोन केस भिजवून थर द्यायचे, ब्रशच्या दांड्यानं हलकेच ठकठक करून पेस्ट बसवायचे, कागदाच्या टोकानं ओल टिपायचे. तिचे पहिले नऊ तुकडे वाया गेले. दहावा गार झाल्यावर प्रतापरावांनी पट्टी नखानं ओढून पाहिली. मग पकडीनं. ती सुटली नाही.

"हौ," ते म्हणाले. "आता धरलं."

प्रयोगशाळेत तो तुकडा पन्नास वेळा तापवून गार केला. जोड तसाच राहिला. आकडे बघून सुनंदा मॅडमनी त्रिवेणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हे शिकवलं कुणी? मला त्यांना भेटायचंय."

मे महिन्यात मलकपेठच्या हिम्मतरावांनी आपल्या बेकरीच्या भट्टीचं धुराडं या दोघींना वापरायला दिलं. कोबाल्टचे आणि त्यांना जोडीदार म्हणून मँगनीजच्या ऑक्साइडचे ठोकळे जोडून चोवीस जोड्यांची तळहाताएवढी पाटी बनवली होती. ती धुराड्याला कसून बसवली. बाहेरच्या बाजूला गार राहण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पंखांचा पत्रा. मॅडम स्वतः गाडी घेऊन प्रतापरावांना आणायला गेल्या होत्या. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि बिस्किटांच्या ट्रेजवळ अवघडून उभे राहिले.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग पाटीला जोडलेला छोटा पांढरा दिवा आधी मंद, आणि धुराडं तापत गेलं तसा ठळक पेटला.

"एवढाच?" हिम्मतराव म्हणाले, आणि लगेच, "पण बॅटरी कुठंय?"

"बॅटरी नाही," त्रिवेणी म्हणाली. "तुमच्या धुराची गरमी आहे."

तिनं वाकून प्रतापरावांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं. त्यांचे डोळे भरले होते. "आजकाल कॅपा मशीनवर होतात," ते म्हणाले. "हातानं थर देणारा आता कुणाला लागत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत दुकान बंद करणार होतो. चाळीस वर्षांचं माझं काम लोकांच्या गालाआड राहिलं. तू ते उजेडात आणलंस, पोरी. आभार मी मानायला पाहिजेत."

"काका, असं नका म्हणू," ती म्हणाली.

त्रिवेणीच्या शोधनिबंधात मॅडमच्या नावानंतर प्रतापरावांचं नाव आहे. निबंध पाठवायच्या अर्जात लेखकांच्या शिक्षणाचा रकाना होता, तिथे काय लिहू, असं तिनं फोनवर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅट्रिक लिही, खोटं कशाला?" तिनं तेच लिहिलं. आता दर गुरुवारी ते मॅडमच्या प्रयोगशाळेत येतात. नवी मुलं भट्टीचं दार उघडायला धावली की ते एक बोट वर करतात, आणि सगळे मुकाट्यानं बसून वाट बघतात.