आणखी एक पीळ

नवसूनं कामठ्याचं, बांबूच्या त्या जुन्या धनुष्याचं, खालचं टोक पायाच्या अंगठ्यापाशी जमिनीत रोवलं, मधल्या भागाला गुडघा लावला आणि सगळा भार देऊन बांबू वाकवला. दोरीचा फास वरच्या खाचेत सहज बसला. फारच सहज. गुडघा काढताच दोरी बांबूच्या अंगाला टेकून लोंबत राहिली.

"ढिली हाय," तो म्हणाला.

"मग घट्ट कर." हरेश मागच्या दारात उभा होता, घराकडे पाठ करून. त्याची नजर ओहोळावर होती.

"नवी दोरी हाय. एका दमात बसत नाय ती."

"तुला काय लागंल ते लागू दे. तो यायच्या आधी झालं पाहिजे."

"बांबू हाय रे पोरा, मोबाईल नाय. बटण दाबलं की चालू होत नाय."

हरेश हसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून ठेवलेले तीन तीर त्यानं उचलले, टोकं अंगठ्यानं चाचपली आणि पुन्हा होते तिथे ठेवले.

सरिता कामठ्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून बसली होती, घसरू नये म्हणून. तीर उचलायला हरेश वळला तेव्हा नवऱ्याच्या डोळ्याखालचा वळ तिला इथूनही दिसला. दुपारी त्यानं स्वतःच दोरी चढवून बघितली होती. फास निसटला आणि बांबू उसळून गालावर बसला. त्यानंतर तो बापाकडे आला. नवसू नाही म्हणाला. हरेश तिथेच बसून राहिला. नवसू पुन्हा नाही म्हणाला, आणि मग अंबाडीचा वाख मांडीवर घेऊन दोरी वळायला बसला.

गेल्या आठवड्यात बांधापलीकडच्या रघूनं भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून आपला राब भाजला. वारा फिरला, आग बांधावरून अलीकडे आली आणि हरेशची पेंढ्याची उडवी तासाभरात काळी झाली. हरेश त्याला आटगाव स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर गाठून विचारायला गेला. रघूनं त्याची कॉलर धरली आणि चार माणसांत त्याला रस्त्यावर आडवा केला. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी हरेश भिवंडीच्या गोदामात पोचायच्या आत ते तिथे पोचलं होतं. सुपरवायझरनं सगळ्यांना बोलावून ते लावून दाखवलं. हरेश अर्ध्या पाळीतून घरी आला तो पुन्हा गेलाच नाही.

रघू रोज सापगावच्या डेअरीत दूध घालून दिवेलागणीच्या आधी या ओहोळातून परत जायचा. अंगानं हरेशच्या दीडपट. त्याच्या जवळ जायची हरेशची आता छाती नव्हती. पण या दारापासून ओहोळातले दगड तिराच्या टप्प्यात होते.

"पायातच मारणार," हरेश पाठमोराच म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "नुसता पायात. लंगडू दे वर्षभर."

"या उजेडात पाय दिसंल तुला?" नवसूनं विचारलं.

"तूच शिकवलंस ना?"

"मी उभ्या खोडावर शिकवलं. खोड चालत नाय."

सरिताच्या मनात सकाळपासून एकच हिशेब चालला होता. पाय आणि पोट यांत अंतर किती? हातभर. एवढ्या लांबून हातभर चूक म्हणजे काहीच नाही. धरलेलं बोट जरा थरथरलं तरी पुरे. हे तिनं नवऱ्याला सांगून बघितलं होतं. "तू गप गो," एवढंच तो म्हणाला होता.

नवसूनं फास उतरवला, दोरीला दोन पीळ दिले. पीळ दिला की दोरी आखूड होते, आखूड झाली की बांबूला जास्त वाकावं लागतं. त्यानं पुन्हा गुडघा लावला. या वेळी फास खाचेपर्यंत न्यायला त्याला दात आवळावे लागले.

सरिता उठली आणि फळीवरून करंजाच्या तेलाची बाटली घेऊन आली. कामठा सगळा हिवाळा चुलीवरच्या आढ्याला होता. खाली काढला की नवसू त्याला तेल चोळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, आणि मगच दोरीला हात लावायचा. हा कामठा त्यानं स्वतः तासलेला. अलीकडे त्याचा हात कापायचा. कोयता धरला की धार भलतीकडे जायची. दुसरा कामठा आता त्याच्या हातून होणार नव्हता.

"नको," नवसू बाटलीकडे न बघता म्हणाला.

"कोरडा ठाक हाय, बाबा."

"नको म्हटलं ना. टाइम नाय त्याला."

तिनं बाटली खाली ठेवली.

"झाला का?" दारातून.

"बघतो." नवसूनं सरिताकडे मान वळवली. "मूठ घाल गो."

तिला क्षणभर समजलं नाही. दोरी चढवल्यावर बांबूच्या मध्यावर मूठ ठेवायची, अंगठा उभा करायचा. अंगठ्याचं टोक दोरीला लागलं की बरोबर. दोरी त्याच्या अलीकडे राहिली तर ढिली, पलीकडे गेली तर बांबूवर भलता ताण. हे माप तिला येत होतं, पण आजवर ते नवसूनं दुसऱ्या कुणाला कधी घेऊ दिलं नव्हतं. त्याचा उजवा हात तर मोकळाच होता.

तिनं मूठ ठेवली, अंगठा उभा केला.

दोरी अंगठ्याच्या दोन बोटं पलीकडे होती.

तिनं हात काढून पुन्हा ठेवला. तेच. वरच्या अंगाला, जिथे बांबूचं पेर होतं तिथे, केसासारखी एक रेघ उमटली होती. तिनं वर बघितलं. नवसू तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुकानात वजनाचा काटा थांबायची वाट बघावी तसा तो थांबला होता.

"किती हाय?"

ओहोळाच्या वरच्या बाजूनं रिकाम्या किटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. हरेशची पाठ ताठ झाली. त्यानं एक तीर उचलला.

"बा, आटप. वळणावर आला तो."

"किती हाय गो?" नवसूनं पुन्हा विचारलं, त्याच आवाजात.

सरितानं अंगठा मिटला.

"कमी हाय, बाबा," ती म्हणाली. "अजून पाहिजे."

नवसूनं मान हलवली. फास उतरवला आणि पीळ दिला. एक. मग आणखी एक. दोरी त्याच्या बोटांत तारेसारखी कडक झाली. गुडघा लावायच्या आधी तो थांबला.

"तोंड बाजूला कर," तो तिला हळूच म्हणाला.

तिनं मान फिरवली.

कौल फुटावं तसा एकच कोरडा आवाज झाला.

हरेश वळला तेव्हा कामठ्याचा वरचा अर्धा भाग दोरीला लोंबत होता आणि पेरापाशी बांबूच्या पांढऱ्या काड्या फुलल्या होत्या.

"काय केलंस, बा! काय केलंस!"

"जुना झाला होता." नवसू खाली बसला. मग त्याचा चेहरा आवळला गेला. उजव्या हाताची मूठ त्यानं छातीशी घट्ट धरली. "आई गं... शिरला हातात. खोल शिरला रे."

हरेश दारातच उभा होता. एक पाय बाहेर, तीर हातात. किटल्या आता ओहोळाच्या दगडांवर आल्या होत्या. रघूची शीळही ऐकू येत होती. त्यानं बाहेर बघितलं, हातातल्या तिराकडे बघितलं.

"हरेश..." नवसू कण्हला.

तीर जमिनीवर पडला. हरेश बापासमोर गुडघ्यांवर बसला.

"बघू. उघड मूठ."

"हळू रे."

"अरे उघड तर. उघडल्याबिगर काढू कसा?"

"कळ येते."

हरेशनं दोन्ही हातांत ती म्हातारी मूठ धरली आणि एकेक बोट सोडवायला लागला. करंगळी सुटली. पुढचं बोट सुटायला वेळ लागला. नवसूनं ते आवळूनच धरलं होतं. सरिता हातात दिवा घेऊन जवळ आली. बाहेर किटल्यांचा आवाज ओहोळ उतरला, पलीकडच्या चढाला लागला, बारीक झाला.

मग अंगठा आपणहूनच सुटला.

तळहात कोरडा होता. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

हरेशनं तो दिव्यापाशी नेला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"कुठं लागलंय?" त्यानं विचारलं.

नवसूनं हात सोडवून मांडीवर पालथा ठेवला. सरितानं दिवा जरा खाली धरला, कुणाचाच चेहरा उजेडात येऊ नये एवढा.