‘द’ची कळ

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. सरकारी कागदावर माझं नाव ‘कळफलक’ असं आहे, पण त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. सध्या मी एका लोखंडी कपाटात, मोडक्या पंख्याच्या पात्यावर डोकं टेकून पडलो आहे. माझ्या बाकीच्या कळांवरची अक्षरं अजून वाचता येतात. ‘द’ची कळ तेवढी पार गुळगुळीत झाली आहे. ती कशी झिजली, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. आठवतं ते खोक्यातून बाहेर आल्यानंतरचं. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हवा, पाणी आणि माती यांचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था आहे, तिथं मला आणलं होतं. माझ्यावर तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरं होती. दादासोनं बाजारातून मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आणल्या आणि एकेक अक्षर निगुतीनं माझ्यावर बसवलं. म्हणजे माझं बारसं त्यानंच केलं म्हणा ना.

दादासोचं काम मोठं गमतीचं. संस्थेच्या संचालकांना जिथं जिथं बोलायचं असे, तिथलं भाषण तो लिहायचा. शास्त्रज्ञ त्याला इंग्रजीतले जाडजूड अहवाल देत, आणि त्यातून तो कोऱ्हाळ्याच्या ऊसवाल्याला कळेल असं मराठी काढायचा. साहेबांनी श्वास कुठं घ्यायचा, तिथं एक तिरपी रेघ. टाळ्यांसाठी कुठं थांबायचं, तिथं दोन. साहेब बदलले की रेघाही बदलत, कारण एखाद्याचा दम मोठा असे, तर एखाद्याला जिना चढल्यावरही धाप लागे.

पण जो दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालायचा, त्याच्या स्वतःच्या तोंडून शब्द सुटत नसे. दादासो लहानपणापासून अडखळत बोलायचा. त्यातही ‘द’ आला की गाडी तिथंच रुतायची. आणि नशीब पाहा, नावच दादासो! फोन उचलल्यावर तो ‘भाषण विभाग’ एवढंच म्हणायचा. माझ्यावर मात्र त्याची बोटं धावत. दुष्काळ, दूरदृष्टी, दर्जा, देशसेवा... सरकारी भाषणात ‘द’ला काय तोटा? तोंडात अडलेले सगळे ‘द’ तो माझ्यावर मोकळे करायचा. खोलीत दुसरं कुणी नसलं की तो लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा, आणि तेव्हा एकाही अक्षरावर अडायचा नाही. हे फक्त मलाच माहीत होतं.

शेजारच्या टेबलावर प्रगती नावाची लिपिक बसायची. फार मायाळू पोरगी. दादासोनं ‘पा... पा...’ म्हटलं की ही लगेच ‘पाणी ना?’ म्हणून बाटली पुढं करायची. त्या बिचाऱ्याला कधी पाकीट हवं असे. पण तो मुकाट्यानं पाणी प्यायचा.

त्याची आई सिंधुबाई लोणी भापकरला राहायची. घरची मेंढरं केव्हाच विकली गेली होती, पण तिच्या बोलण्यातून ती गेली नव्हती. बारामतीला दवाखान्यात आली की ती दुपारी लेकाच्या खोलीत येऊन बसायची.

“तू हितं करतूस तरी काय?” तिनं एकदा विचारलं.

“लि... लिहितो. सायेब बोलतात.”

“आन् तुझं कोन बोलतं मग?”

दादासो हसला आणि उगाचच माझ्यावरची धूळ पुसू लागला. सिंधुबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “असूंदे. मागं ऱ्हायल्यालं मेंढरू बी कळपातलंच असतंय. त्येच्यासाठी कळपानं थांबायचं असतं.”

ती गेल्यावर त्यानं ते वाक्य लगेच भाषणात घातलं. बावड्याच्या शेतकरी मेळाव्यात, लहान शेतकऱ्यांविषयी बोलताना, नव्या संचालिका माधवी मॅडम तेच म्हणाल्या. टाळ्या थांबेनात, असं त्यांचा ड्रायव्हर येऊन सांगत होता. माझी छाती फुगली. दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाक्य चौकटीत छापून आलं, मॅडमच्या नावानं.

मॅडम मनानं चांगल्या होत्या. संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा त्या स्वतः खोलीत आल्या. म्हणाल्या, “दादासो, इतकी वर्षं तुम्ही आम्हांला बोलतं केलंत. यंदा आभार तुम्हीच मानायचे. आणि आईंनाही बोलवा.”

दादासोनं आईला फोन लावला. पलीकडून सिंधुबाईचा आवाज खोलीभर ऐकू आला. “यीन की. तुझं नाव तुझ्या तोंडनं सबंध कवाच ऐकलं न्हाय मी. तेवढं ऐकायचंय.”

त्या आभाराच्या भाषणाइतका त्रास मला कुठल्याच भाषणानं दिला नाही. दादासो एक ओळ लिहायचा आणि सगळं पुसायचा. ‘दोन शब्द’चं ‘थोडंसं’ केलं, ‘दरवर्षी’चं ‘वर्षानुवर्षं’ केलं, ‘दिलदार’चं ‘मोठ्या मनाचे’ केलं. तांदळातले खडे वेचावेत तसा एकेक ‘द’ त्यानं वेचून काढला. शेवटी फक्त पहिली ओळ राहिली. ‘मी दादासो.’ तिथं दुसरा शब्द चालण्यासारखा नव्हता. तो नाव पुसायचा आणि पुन्हा लिहायचा. माझ्या ‘द’च्या कळेवरचं उरलंसुरलं अक्षर त्याच दिवसांत गेलं.

सभागृह आमच्या खोलीच्या खालीच होतं. वर्धापनदिनी लाऊडस्पीकरचा आवाज खिडकीतून स्पष्ट येत होता.

“मी द... द...”

मग शांतता पसरली. मला ती शांतता ओळखीची होती. लिहिता लिहिता दादासो असाच एखाद्या शब्दापाशी थांबायचा, बोट माझ्यावर ठेवून बसायचा, मी वाट बघायचो आणि शब्द यायचा. आताही येईल, असं मला वाटत होतं.

“दादासो!” पहिल्या रांगेतून आवाज आला. तो प्रगतीचा होता; बाकीचं मला नंतर खोलीतल्या बोलण्यातून कळलं. त्याचे हाल तिला बघवले नाहीत. सगळ्या सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला, सूत्रसंचालकानं त्याच्या हातातला कागद अलगद घेतला आणि पुढचं सगळं खणखणीत आवाजात वाचून टाकलं, रेघ आली की नेमका थांबत. कुणीही हसलं नाही. सगळे फार चांगले वागले.

कार्यक्रम संपल्यावर मायलेक खोलीत येऊन बसले. प्रगती चहा घेऊन आली. “आजी, भाषण झ्याक झालं बघा.”

“झालं की,” सिंधुबाई म्हणाली. “पर माझ्या लेकाचं नाव तू सांगितलंस, बाय. त्येच्या तोंडाशी आल्यालं. तुमी वाईच कळ काढली असती, तर बोलला असता त्यो.”

ती रागानं बोलली नव्हती. दादासो माझ्याकडे बघत होता आणि मला फार वाईट वाटत होतं.

त्याच थंडीत सिंधुबाई गेली. तिचं ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

दादासो रजेवरून परतला, तोवर संस्थेत नवी सोय आली होती. बोललेलं ऐकून संगणक आपोआप लिहायचा. सगळे खूश होते. दादासोही त्याच्यासमोर बसला. “द... द...” म्हणाला, तोच पडद्यावर ‘दादर’ उमटलं. यंत्रालाही दम नव्हता. थोड्याच दिवसांत त्यानं जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बदली मागून घेतली, जिथं दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. मी या कपाटात आलो.

मागे एकदा तो काहीतरी शोधायला इथं आला होता. मी दिसताच त्यानं बाहीनं माझ्यावरची धूळ पुसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यानं ‘द’च्या कळेवर बोट ठेवलं.

“आई, मी दादासो,” तो म्हणाला. सबंध, कुठंही न अडता. मग कपाटाचं दार लावून निघून गेला.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, प्लॅस्टिकच ते. पण तुमच्या वर्गात किंवा घरात कुणी एखाद्या अक्षरापाशी अडला, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. तो त्याचा आहे आणि तो येतो आहे. त्याच्या तोंडाकडे बघत शांत उभे राहा, आणि वाईच कळ काढा.